सोलापूरजवळ लहान मुलांना चालायला कुठे न्यावं? आणि त्यातून शिकतात का काही?

प्रश्न – एक आई, जुळे सोलापूर
मुलगी सव्वापाच वर्षांची. रविवारी तिला मोकळ्यावर चालायला न्यावं असं मनात आहे. सासूबाई म्हणतात, "उन्हातान्हात पाय तुडवून काय मिळणार? त्यापेक्षा पाढे म्हणून घे." आपल्याकडं डोंगरही नाहीत. कुणाचा अनुभव?

उत्तर – बालवाडीची बाई, होटगी रोड
ताई, या वयाला डोंगर लागत नाही, खडबडीत जमीन लागते. फरशीवर पाय आपोआप पडतो. माळावर प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं, तोल सावरावा लागतो.

गेल्या चैत्रात नान्नजच्या बाजूला आठ मुलं नेली होती. एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली. मी गप्प राहिले. थोड्या वेळानं एक पोरगा म्हणाला, "बाई, आपण बोरीकडं गेलो की ती जास्त ओरडती." सगळे चार पावलं मागं आले. आवाज उतरला. पुन्हा पुढं गेले, पुन्हा कालवा. "मग तिची अंडी तिकडंच हायत!" आम्ही तिथूनच परत फिरलो. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात, एवढंच मी सांगितलं. परतताना आठही जण खाली बघत, पाय जपून टाकत आले. बघणं, अंदाज बांधणं, तो ताडून पाहणं, हे मी वर्गात कितीही शिकवलं असतं तरी असं उतरलं नसतं.

सुरुवात विजापूर रोडच्या सिद्धेश्वर वनविहारातून करा, अर्धा तास पुरे. उजाडताच निघा, नऊच्या आत घरी. आणि ती थांबली तर तुम्हीही थांबा, "चल चल" करू नका.

उत्तर – एक बाबा, सात रस्ता
बाईंशी सहमत. पावसाळ्यात येडशीच्या रामलिंगला न्या, धबधबा असतो. फक्त खाऊ हातात ठेवू नका, माकडं ओढतात.
दिवाळीनंतर माळावर मोज्यांत कुसळं शिरतात, ती फेकू नका. एक ओलं करून तिच्या तळहातावर ठेवा, आपोआप गरगर वळायला लागतं. बी जमिनीत असंच शिरतं.

प्रश्नकर्ती आई
आज वनविहारात गेलो. अर्ध्या तासाला दीड तास लागला, निम्मा वेळ मुंगळ्यांच्या रांगेपाशी. पुढच्या रविवारी सासूबाईही येणार म्हणतायत.