आई, बाबा, मावशी आणि वाघ: रणथंभोर–भरतपूर–जयपूर ग्रुप टूरबद्दल सल्ला हवाय

सुपारी

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आई (६८), बाबा (७२) आणि मावशी (६५) यांना घेऊन उत्तरेत जायचं घाटतंय. चौथी मी, म्हणजे हमाल, खजिनदार आणि औषधांचा डबा सांभाळणारी.

बाबांना वाघ बघायचाय. आईला राजवाडे. मावशीला "गाव बघायचंय, पण खरं गाव, हॉटेलात मांडलेलं नको." आईचा उजवा गुडघा अधूनमधून बोलतो, बाकी तिघेही ठणठणीत.

एका टूर कंपनीचं माहितीपत्रक हातात आहे. ८ दिवस: दिल्ली, आग्रा, भरतपूर, रणथंभोर, जयपूर, परत दिल्ली. वर मोठ्या अक्षरात 'वन्यजीवन, राजवाडे आणि ग्रामीण भारत'. ग्रुप ३५ जणांचा. रणथंभोरला एक रात्र, एक सफारी. भरतपूरला दुपारी पोचून "पक्षी अभयारण्य". शिवाय एका संध्याकाळी "ग्रामदर्शन, लोकनृत्य व पारंपरिक भोजन".

कुणी असं काही केलंय का? कंपनीची नावं नकोत, उगाच भांडणं होतात. काय बघावं, काय विचारावं, एवढंच सांगा.

ताकभात

आधी माहितीपत्रकातली क्रियापदं वाच. 'भेट' म्हणजे आत नेतात. 'दर्शन' म्हणजे नेतील बहुतेक. 'बाहेरून दर्शन' म्हणजे बस हळू करतात आणि तू खिडकीतून फोटो काढायचा. आमच्या टूरमध्ये हवामहल 'दर्शन' होता, तोही उजव्या बाजूला बसलेल्यांनाच झाला.

कट्टेकरी

३५ माणसं म्हणजे टूर नव्हे, वऱ्हाड. चौघं आहात ना? गाडी करा आणि स्वतःचं स्वतः फिरा.

सुपारी

@कट्टेकरी, मलाही तेच वाटतं, पण बाबांना ग्रुपच हवाय. संध्याकाळी पत्त्यांना चौथा भिडू मिळतो आणि आपले किस्से नव्या माणसांना सांगता येतात. आमचे सगळ्यांचे पाठ झालेत.

तांबट

रणथंभोरला पाचेकदा आणि भरतपूरला त्याहून जास्त वेळा गेलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

एक रात्र, एक सफारी हे गणित तिथेच खोडून टाक. एका सफारीत वाघ दिसला तर नशीब, नाही दिसला तर बाबा पुढचे पाच दिवस बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसतील. कमीत कमी दोन रात्री आणि तीन सफाऱ्या हव्यात, त्यातली एक तरी सकाळची. तरीही हमी कुणी देत नाही. "वाघ शंभर टक्के" असं कुणी फोनवर म्हणालं तर फोन ठेवून दे.

दुसरा प्रश्न वाहनाचा. तिथे सहा जणांची जिप्सी आणि वीस जणांचा कँटर असे दोन प्रकार असतात. मोठ्या ग्रुपला बहुतेकदा कँटरच मिळतो. वाघ कँटरमधूनही दिसतो, पण वीस जणांत एकाला खोकला, एकाला फोन आणि एकाला "कुठे? कुठे?" हा आजार असतोच. जंगलात निम्मं काम कानांचं आहे. चितळ ओरडतं, वर झाडावरून वानराचा खर्रर्र आवाज येतो, गाईड इंजिन बंद करायला सांगतो, आणि त्याच क्षणी मागच्या बाकावर वेफर्सचं पाकीट फुटतं.

तिसरी गोष्ट झोन, म्हणजे सफारीसाठी पाडलेले जंगलाचे भाग. एकूण दहा आहेत. १ ते ५ हा जुना गाभा. पद्म तलाव, राजबाग, मलिक तलाव ही तळी त्यातच येतात; २०१६ साली गेलेली प्रसिद्ध वाघीण 'मछली' याच तळ्यांची राणी होती. ६ ते १० बाजूचे आहेत. तिथेही वाघ दिसतात, पण पहिल्यांदाच जाताय तर तीनपैकी एक तरी सफारी तळ्यांच्या बाजूला मागा. तिथे वाघ नाही दिसला तरी दिवस फुकट जात नाही. सांबर पोटापर्यंत पाण्यात उभं राहून शेवाळ खातं, काठावर मगर पडलेली असते आणि मागे पडक्या छत्र्या, म्हणजे घुमटीचे दगडी मंडप. सफारीचं बुकिंग माणसाच्या नावावर आणि ओळखपत्रावर होतं, तेव्हा "झोन आयत्या वेळी बघू" म्हणणाऱ्याने बुकिंग केलेलंच नाही असं समज.

आणि टकाचोर पक्षी! आपल्याकडेही असतो, पण रणथंभोरचे टकाचोर निर्लज्ज. गाडी थांबली की आरशावर येऊन बसतात. एक माझ्या बायकोच्या टोपीवर बसला आणि तिथून वाकून तिच्या चष्म्यात बघत होता. काही खायला घालू नका, ते तसेही येतात.

आता भरतपूर, खरं नाव केवलादेव घना, आतल्या महादेवाच्या देवळावरून पडलेलं. दुपारी नेतायत म्हणजे उरकतायत. तिथे सूर्य वर यायच्या आत फाटकावर हजर पाहिजे. जागा लहान, जेमतेम २९ चौरस किलोमीटर. रस्ता सपाट आणि सायकल रिक्षा मिळतात, म्हणजे आईच्या गुडघ्याला हीच जागा सगळ्यात सोयीची. रिक्षावालेच गाईड. वर्षानुवर्षं तेच काम करून त्यांची नजर अशी तयार झालीय की पॅडल मारता मारता बाभळीच्या खोडातला पिंगळा दाखवतात. चित्रबलाकांच्या वसाहती, सारसांची जोडी, पट्टकादंब, थापट्या, तलवार बदकं. फेब्रुवारी संपत आला की पाहुणे परतायला लागतात, तेव्हा महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जाता आलं तर बघ.

हे मुळात भरतपूरच्या महाराजांचं बदकं मारायचं रान. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी मारले होते. शिकारींचे आकडे कोरलेला दगड अजून आत उभा आहे, रिक्षावाल्याला थांबवायला सांग. आणि सायबेरियन क्रौंच दाखवतो म्हणाला कुणी तर हसून पुढे चल, ते २००२ नंतर इथे आलेलेच नाहीत.

गोधडी

@तांबट यांनी सगळं सांगितलं, पण बायकांच्या कामाचं एक राहिलं. सफारी तीन-साडेतीन तासांची असते आणि जंगलात उतरता येत नाही. माझ्या सासूबाईंनी त्या भीतीने आदल्या संध्याकाळपासून पाणीच सोडलं आणि दुपारी चक्कर येऊन पडल्या. झोनच्या वाटेवर स्वच्छतागृह कुठे आहे ते गाईडला निघतानाच विचारून घ्यायचं, लाजायचं नाही.

कँटरची शिडी उंच असते. आईला आधी चढवा आणि पुढे बसवा, मागच्या चाकावर बसलं की गुडघाच काय, कवळीही हलते. फेब्रुवारीतही सकाळी उघड्या गाडीत थंडी हाडापर्यंत जाते. कानटोपी, हातमोजे आणि हॉटेलातून मागून घेतलेलं एक ब्लँकेट. दहा वाजता सगळं काढून मांडीवर घ्यावं लागतं ते वेगळं.

रणथंभोरच्या किल्ल्यावरच्या त्रिनेत्र गणेशाला जायचं असेल तर पायऱ्या बऱ्याच आहेत. गणपतीला लग्नपत्रिका पाठवायची तिथे रीत आहे, देशभरातून पोस्टाने येतात. आईला वर जमलं नाही तर खाली बसायला सोबत कोण, हे आधी ठरवा. ऐन वेळी रुसवे होतात.

इंदूरी_शेव

भरतपूरपर्यंत जाताय आणि डीग नाही? मराठी माणसाने डीग टाळणं म्हणजे कमाल आहे. भरतपूरहून गाडीने तासाभरावर.

पानिपतानंतर जीव घेऊन निघालेल्या आपल्या लोकांना भरतपूरचा राजा सूरजमल जाटाने आणि राणी किशोरीने आसरा दिला, अन्न-वस्त्र दिलं. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर जखमी अवस्थेत डीगलाच पोचला आणि तिथेच गेला. पुढे १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांची इंग्रजांशी लढाई झाली तीही डीगचीच. त्यानंतर जाटांनी होळकरांना भरतपूरच्या किल्ल्यात घेतलं, आणि १८०५ मध्ये इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने चार हल्ले करूनही तो किल्ला पडला नाही. आम्ही होळकरांच्या गावचे, तेव्हा थोडं जास्त बोलणारच.

आईंना राजवाडे हवेत ना? डीगचे महाल म्हणजे पाण्याचा खेळ. गच्चीवर प्रचंड हौद, त्याच्या भिंतीला भोकं, प्रत्येक भोकातून एकेका कारंज्याला पाणी. भोकात रंगाची पुरचुंडी ठेवली की खाली रंगीत कारंजं. केशव भवनात पाण्याच्या जोराने दगडी गोळे गडगडवून ढगांचा आवाज काढायचे असं सांगतात, भर उन्हाळ्यात पावसाळा. कारंजी रोज चालू नसतात, पण जयपूरजवळच्या आमेर किल्ल्यातल्या गर्दीपेक्षा इथली शांतता आईंना आवडेल.

एक दिवस वाढवता आला तर ग्वाल्हेर. जयविलासमधली शिंद्यांची चांदीची आगगाडी बघितल्यावर...

कट्टेकरी

झालं! आता इंदूर, उज्जैन, महेश्वर. काका, ८ दिवस आहेत हो.

इंदूरी_शेव

@कट्टेकरी, बरं, ग्वाल्हेर मागे घेतो. डीग नाही घेणार.

माळ्यावरची_पेटी

मावशींच्या "खऱ्या गावा"बद्दल. मी दोन प्रकार पाहिलेत.

पहिला तुमच्या माहितीपत्रकातला. एका मोठ्या टूरबरोबर गेले होते. बस गावाच्या तोंडाशी उभी राहिली, कुणाच्या तरी अंगणात आम्ही तीस जण घुसलो. एक म्हातारी चुलीपुढे बसवलेली. भाकरी भाजून झाली होती, तरी फोटोसाठी तीच भाकरी तिने पुन्हा तव्यावर टाकली. पोरांना रांगेत उभं करून गाणं म्हणायला लावलं. आमच्यातल्या एकीने बिस्किटाचे पुडे वाटले आणि मुलं एकमेकांना ढकलायला लागली. वीस मिनिटांत परत बसमध्ये. मला आजही आठवलं की अवघडायला होतं.

दुसरा सवाई माधोपूरजवळ, म्हणजे रणथंभोरच्याच शहराजवळ. आम्ही सहाच जणी, ओळखीच्या गाईडने फोन करून विचारून नेलं. मीणा लोकांची वस्ती. शेणामातीने सारवलेल्या भिंतींवर खडू आणि गेरूने काढलेले मांडणे: मोर, पाटाएवढा वाघ, त्याच्या पोटात छोटा वाघ. घरच्या बाईने वाटीत खडू भिजवला, कापडाची चिंधी बोटांत धरली आणि चिंधी दाबत, रंग बोटावरून ओघळू देत एकाच रेषेत मोराची मान काढली. माझ्या हातात चिंधी दिली तर माझ्या मोराचं बदक झालं, सगळ्याजणी पोट धरून हसल्या. नंतर बाजऱ्याची रोटी, लसणाची चटणी, आणि निघताना ओच्यात पेरू. सवाई माधोपूर पेरूंसाठी प्रसिद्ध आहे हे तोवर मला ठाऊकच नव्हतं. बाहेर मोहरी फुललेली, नजर जाईल तिथे पिवळं.

आणि एक. व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा आतली गावं बाहेर हलवली गेली, १९७० च्या दशकात. वनाधिकारी फतेहसिंग राठोडांच्या पुढाकाराने ते झालं, वाघ वाचला त्यात याचा मोठा वाटा आहे. पण आमच्या जिप्सीचा चालक एका ओसाड विहिरीकडे बोट दाखवून म्हणाला, "हमारे दादाजी का घर यहीं था." गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. अशा कुटुंबांच्या हाताला काम मिळावं म्हणून दस्तकार रणथंभोर हे केंद्र निघालं, तिथे बायका शिवण-भरतकाम करतात. मावशींना खरेदी करायचीच असेल तर हायवेवरच्या कमिशनवाल्या दुकानापेक्षा तिथे करा.

कंपनीला विचारा: गावात किती जण एका वेळी नेता? कुणाच्या घरी? त्यांना पैसे कसे देता? तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर ते ग्रामदर्शन गाळून त्या संध्याकाळी पत्ते खेळा.

ताकभात

चंबळ नदीबद्दल कुणीच बोललं नाही? सवाई माधोपूरहून पालीघाटला होडीत बसवतात. वाळूवर घडियालं, म्हणजे लांब तोंडाच्या मगरी, ओळीने पडलेली असतात, नशीब असलं तर पाणचिरा पक्षी दिसतो. बसून बघायचं, गुडघ्याला त्रास नाही. मात्र होडीपर्यंतचा उतार कसा आहे ते विचारून घ्या.

सुपारी

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! रविवार सकाळ फोनवर घालवली.

३५ वाल्या कंपनीला झोन विचारले तर "मॅडम, जंगलात सगळीकडे वाघच असतात" असं उत्तर आलं. बाद.

दुसरी एक लहान संस्था सापडली, १२ जणांचा ग्रुप. मुंबईहून रेल्वेने थेट सवाई माधोपूर, तिथे तीन रात्री, तीन सफाऱ्या जिप्सीतून, त्यातली एक तळ्यांच्या झोनमध्ये, बुकिंगची पावती दाखवणार. गावात सहा-सहा जणांना वेगळ्या दिवशी नेणार, त्या घराला ठरलेली रक्कम देणार आणि जेवण त्यांच्याच घरचं. मग रेल्वेने भरतपूर, दोन रात्री: सकाळी पक्षी, दुपारी डीग (@इंदूरी_शेव, मी हट्टाने घालून घेतलं). मग फत्तेपूर सिक्री करत आग्रा, एक रात्र. शेवटी आभानेरीची चांद बावडी (पायऱ्यांची विहीर) बघत जयपूर, दोन रात्री. एकूण आठ रात्री. पैसे थोडे जास्त आहेत. बाबा म्हणतात बाराही चालतील, तीन डाव होतात.

बाबांची एक अट: आग्र्याच्या किल्ल्याबाहेरच्या महाराजांच्या पुतळ्याशी बस थांबली पाहिजे. १६६६ चा प्रसंग ते तिथे उभं राहून सांगणार आहेत. आम्हाला पाठ आहे, बाकीच्यांसाठी.

ताकभात

प्लॅन झकास. पण निघणार कधी?

सुपारी

शुक्रवारी संध्याकाळची गाडी, शनिवारी सकाळी सवाई माधोपूर.

ताकभात

शनि, रवि, सोम रणथंभोर. मंगळ, बुध भरतपूर. गुरुवारी दुपारी आग्रा, सिक्री करून म्हणजे उशीरच होणार. ताज कधी आहे?

सुपारी

दुसऱ्या दिवशी सकाळी. लिहिलंय, "सूर्योदयाला मेहताब बागेतून ताजमहालचे दर्शन".

ताकभात

मेहताब बाग नदीच्या पलीकडे आहे. आणि ताज शुक्रवारी बंद असतो.

सुपारी

थांबा, फोन लावते.