पोरांना सुट्टी तेव्हा आपल्यालाही सुट्टी: अशी नोकरी घेतलीत का कधी? अनुभव सांगा

नेरूळकरीण
काल भाचीचा फोन आला ऐरोलीहून. घणसोलीत एका कंपनीत पेरोल बघते, साडेनऊ ते साडेसहा, लेक सीनियर केजीत. तिला घराजवळच्या शाळेत ऑफिसात जागा चालून आलीये. "मावशी, पगार निम्मा आहे गं, पण पोरीला सुट्टी तेव्हा मला सुट्टी. घेऊ का?"

मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण. फोन ठेवला आणि डोळ्यासमोर ती लग्नपत्रिकाच आली. २०१४ साल. मी वाशीला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे अकाउंट्सला, हातात २६ हजार. मुलगा दुसरीत. नेरूळमध्येच शाळेत कॉम्प्युटर लॅबला असिस्टंट हवी होती, १४ हजार, घरापासून चालत १२ मिनिटं. कुणाच्या तरी पत्रिकेची मागची बाजू कोरी होती त्यावर हिशेब मांडला. २६ वजा १४ म्हणजे १२. त्यातून पाळणाघराचे ४ हजार वाचणार, पास, रिक्षा आणि उशीर झाला की बाहेरून आणलेली पोळीभाजी असे २ वाचणार. राहिला फरक ६ हजारांचा. नवरा म्हणाला घे, ६ हजारांसाठी कशाला मर मर करतेस.

घेतली. आणि ऑर्डर हातात आली तेव्हा कळलं की ती १० महिन्यांची आहे. मी १४ गुणिले १२ करून बसलेले!! मे आणि जूनला काही नाही. २८ हजार असेच गेले, पत्रिकेवर त्यांना जागाच नव्हती.

दुसरी गंमत म्हणजे माझी शाळा स्टेट बोर्डाची आणि मुलाची सीबीएसई. दिवाळीला मला १८ दिवस सुट्टी, त्याला ६. मी घरी चकल्या पाडतेय आणि हा दप्तर लावून दारात उभा, तोंड एवढंसं. मार्चअखेरीला त्याला आठवडाभर सुट्टी तेव्हा माझ्याकडे परीक्षांची धामधूम, मग त्याला घेऊन जायचे, लॅबच्या कोपऱ्यात बसून पेंट उघडून रेघोट्या मारायचा. तीन वर्षं केली मी ती नोकरी. वाईट होती का? नाही. पावणेदोनला घरी असायचे, त्याच्यासोबत जेवायचे, हे कुठल्या हिशेबात धरायचं ते मला आजही कळलेलं नाही.

तर भाचीला काय सांगू? तुमचे अनुभव लिहा, चांगले वाईट सगळे.

दोनपोरांचीआई
बोर्ड बघा बोर्ड!! मी पण हेच केलं. सविस्तर रात्री लिहिते, कुकर लावलाय

कोपरीचा बाबा
शिक्षकाला सुट्ट्याच सुट्ट्या हे ऐकून ऐकून कान किटलेत म्हणून लिहितो. मी जिल्हा परिषद शाळेत, शहापूर तालुक्यात. रोज ठाण्याहून आसनगाव लोकल, पुढे जीप. बायको बँकेत त्यामुळे मे महिन्यात पोरगी माझ्या वाट्याला असं लग्नापासूनचं ठरलेलं. २०२४ चा मे आठवा, लोकसभा, आपल्याकडे मतदान २० तारखेला. म्हणजे सुट्टीत आधी ट्रेनिंग, मग परत ट्रेनिंग, १९ ला भर उन्हात रांगेत उभं राहून मशीन ताब्यात घ्या, रात्री केंद्रावरच बेंच जोडून झोपा (डास फुकट), २० ला पहाटे मॉक पोल आणि मशीन जमा करून घरी यायला रात्रीचे दोन. पोरगी तेव्हा ७ वर्षांची. म्हणे बाबा तुमची सुट्टी कधी लागणार, माझी तर संपत आली.

बाकी पगार बाराही महिने येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण लागताना शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर काढली आहेत, ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. आता प्राथमिकला १६ हजार तरी केलेत २०२३ पासून, आमच्या वेळी ६ होते.

माइंडस्पेस ते माजिवडा
माझा उलटा अनुभव, मी अशी नोकरी नाकारली आणि अजूनही नक्की माहीत नाही बरोबर केलं का. २०१८ ला घोडबंदरला कासारवडवलीकडे राहायला गेलो कारण तिकडे फ्लॅट परवडत होता, ऑफिस ऐरोलीला, सासूबाई वर्तकनगरला, मुलीची शाळा मानपाड्याला, असं चार कोपऱ्यांत घर. त्याच शाळेत प्री-प्रायमरीला विचारत होते मला, सगळे म्हणाले घे घे देवच पावला. पण होम लोन दोघांच्या पगारावर होतं आणि बँकेला मे महिना कळत नाही, हप्ता ५ तारखेला जातोच. मग काय, ट्रॅफिकमध्ये कॅबमधून कॉल घेत, मुलगी पाळणाघरातल्या काकूंकडे. आणि काकू म्हणजे काय सांगू, माझ्या मुलीला कारल्याची भाजी खायला त्यांनी शिकवली, मी नाही. घरी आली की म्हणायची तुझ्या भाजीत गूळ कमी आहे. आता नववीत आहे, अजून काकूंकडे परस्पर जाऊन जेवून येते, मला नंतर कळतं.

हापूसवाला नव्हे
काकूंची कारल्याची पाकृ टाका आधी, नोकरीचं नंतर बघू

माइंडस्पेस ते माजिवडा
@हापूसवाला नव्हे चिंच, गूळ, आणि दाण्याचा कूट हात न आखडता. बाकी त्या सांगत नाहीत, विचारलं की हसतात

फळ्यावरची धूळ
नेरूळकरीण ताई, एक मिनिट. भाचीला ऑफिसातली जागा आहे म्हणालात ना? मग तिला मे ची सुट्टी कोण देणारे?

मी ठाण्यातल्या अनुदानित शाळेत क्लार्क, १९ वर्षं झाली. शिक्षकांना दीर्घ सुट्टी असते, आम्हाला नसते. त्याबदल्यात अर्जित रजा जास्त मिळते पण ती मागून घ्यायची, आणि मे मध्ये मागितलीत तर मुख्याध्यापक अशा बघतात की आपणच अर्ज परत खिशात घालतो. १ मेला निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून दाखल्यांची रांग. बदली झाली दाखला द्या, दाखल्यावर जात चुकली दुरुस्त करा, आईचं नाव घाला. सरल, यू-डायस या सरकारी ऑनलाइन नोंदी, नवीन प्रवेश, पुस्तकांची मोजदाद. शाळेत चिटपाखरू नसतं आणि मी एकटी खिडकीत. माझा मुलगा लहान असताना चार उन्हाळे रेकॉर्ड रूममध्ये जुन्या जनरल रजिस्टरांच्या गठ्ठ्यावर बसून चंपक वाचत काढलेत त्याने. १९६२ सालच्या रजिस्टरवर डब्यातलं लोणचं सांडलं होतं एकदा, तो डाग अजून आहे, मी कुणाला सांगितलं नाही.

प्रायव्हेटमध्ये तर ऑफिस बारा महिने चालूच, फी कोण घेणार नाहीतर?

नेरूळकरीण
अरे देवा. हे तर तिने विचारलंच नसणार. मीही नाही विचारलं! मी लॅबला होते त्यामुळे मला मिळायची सुट्टी. आत्ताच मेसेज करते तिला.

दोनपोरांचीआई
आले. मी खारघरला प्रायव्हेट शाळेत हिंदी शिकवते, बी.एड. आहे, ७ वर्षं. थोरला माझ्याच शाळेत, फीमध्ये सवलत मिळते, हा मुद्दा कुणी घेतला नाही अजून पण तो मोठा आहे. धाकटीला मात्र दुसऱ्या शाळेत नंबर लागला आणि तिथून सगळं बिघडलं. तिचं गॅदरिंग आणि माझ्या शाळेचं गॅदरिंग दर वर्षी एकाच आठवड्यात. मी इकडे पन्नास पोरांना कोळी नृत्यासाठी लुगडी नेसवतेय आणि माझी पोर तिकडे झाड झालीये आणि तिला बघायला फक्त तिची आजी. ओपन हाऊस पण सगळीकडे शनिवारीच. कंपनीत असते तर हाफ डे टाकला असता. शाळेत सुट्टी भरपूर, पण हवी तेव्हा एक दिवस मिळत नाही. ताप पण सुट्टीत येत नाही पोरांना, युनिट टेस्टच्या आदल्या रात्री येतो.

आणि घरी आलं की संपलं असं नाही हं. ४३ चे दोन वर्ग म्हणजे ८६ पेपर, ते डायनिंग टेबलवर, त्यावर धाकटीने एकदा दूध ओतलं. त्या मुलाला मी दोन मार्क जास्त दिले, अपराधी वाटून

कोपरीचा बाबा
झाड झालीये 😂 माझी पोरगी ढग झाली होती. डायलॉग नव्हता पण दोन तास हलत होती

लेस्टरच्या ताईचा भाऊ
माझी चुलत बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. तिकडे या प्रकाराला नावच आहे, टर्म टाइम ओन्ली. साधारण ३९ आठवडे काम. पगार त्या आठवड्यांचाच, पण त्याचे १२ सारखे भाग करून दर महिन्याला देतात, म्हणजे ऑगस्टमध्ये शाळा बंद असली तरी खात्यात पैसे येतात. मी तिला म्हटलं वा, फुकट पगार, तर चिडली. म्हणाली फुकट नाही रे, माझेच पैसे मला थोडे थोडे देतात, म्हणून तर महिन्याचा आकडा बघून रडू येतं. असल्या नोकरीत भरपगारी रजा किती धरायची यावर एका म्युझिक टीचरची केस तिकडच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, २०२२ ला ती जिंकली, मग सरकारने २०२४ पासून नियमच बदलला.

तिची खरी तक्रार वेगळीच आहे. रजा फक्त शाळेच्या सुट्टीत, आणि नेमकं तेव्हाच विमानाचं तिकीट दुप्पट. माझ्या लग्नाला येता आलं नाही तिला, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त होता. व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकल्या, त्यांच्या हॉलमधल्या कार्पेटवर

निवृत्त बाई
मुलींनो एक काम करा, ऑर्डर नीट वाचा आणि जपून ठेवा. मी ठाण्यात खाजगी विनाअनुदानित शाळेत ११ वर्षे शिकवले. दरवर्षी एप्रिलअखेर सेवा समाप्त, जूनमध्ये नवीन ऑर्डर. सोडताना ग्रॅच्युइटी मागितली तर म्हणाले बाई तुमची सलग सेवाच नाही. अहो तोच वर्ग, तेच कपाट, कपाटाची किल्ली मे महिन्यातही माझ्याच पर्समध्ये असायची, मग खंड कुठला? शिक्षकांना ग्रॅच्युइटी लागू नाही असेही एकाने ऐकवले. लागू आहे. २००९ मध्ये कायदा दुरुस्त झाला, ३ एप्रिल १९९७ पासूनचा लाभ, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. मी ११ ऑर्डरी एका फाईलमध्ये लावून नेल्या, दोन वर्षे चकरा मारल्या, शेवटी तडजोड करून पैसे दिले. पूर्ण नाही. त्यातून गॅलरीला जाळी बसवली, कबुतरांचा फार त्रास होता.

माइंडस्पेस ते माजिवडा
बाई 🙏🙏 किल्लीचं वाचून अंगावर काटा आला

हापूसवाला नव्हे
मला एक कळत नाही. आम्ही फी भरतो चार हप्त्यांत, पहिला हप्ता एप्रिल-मे-जूनचा. व्हॅनवाले काका पण मे चे अर्धे पैसे घेतात, म्हणे गाडीचा हप्ता असतो. मग पालक मे चे पैसे देतायत, टीचरला मे चा पगार नाही, हे मधले पैसे जातात कुठे??

फळ्यावरची धूळ
हा प्रश्न पीटीए मीटिंगमध्ये विचारा आणि मग पोराची शाळा बदला 😜

कळवा खारेगाव
मी शाळेच्या बसवर ताई आहे. मुलांना चढवायच उतरवायच, रोल नंबर बघायचा. सकाळी पावणेसहाला निघते. माझी दोन मुल मनपा शाळेत. मला मे चा पगार नाही, दिवाळीत अर्धा. पहिल्या वर्षी माहितच नव्हत, जूनला वह्या घ्यायला पैसे नव्हते, बहिणीकडून घेतले. आता एप्रिल लागला की पापडाच पीठ आणते. मे मधे गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे. मुल राखण करतात कावळ्यांची, पाच रुपये देते दिवसाला, मोठा म्हणतो वाढवून दे. मागच्या मे मधे पगारापेक्षा जास्त झाले पैसे. पण पाऊस लवकर आला तर सगळ गेल, मागच्या वर्षी २० मे नंतरच्या कुरडया वाळल्याच नाहीत, घरात पंख्याखाली टाकल्या तर वास आला, टाकून दिल्या

दोनपोरांचीआई
ताई कुरडया गव्हाच्या का? चीक घरी काढता?

कळवा खारेगाव
हो गव्हाच्या. तीन दिवस भिजवते, पाणी रोज बदलायच

नेरूळकरीण
भाचीचं उत्तर आलं. तिने शाळेत फोन केला. ऑफिस मे मध्ये ९ ते १ चालू, दोघी जणी आलटून पालटून, शनिवार पण. पगार मात्र बारा महिन्यांचा आहे, तेवढं लेखी द्यायला तयार आहेत. ती म्हणतेय ९ ते १ म्हणजे मी लेकीला बरोबर नेईन की. मी तिला रजिस्टरवरच्या लोणच्याची गोष्ट पाठवली आहे. हसली. घेईल बहुतेक. अजून एक रात्र हिशेब मांडणारे, मी म्हटलं पत्रिकेवर नको, वहीत मांड, बारा रकाने आख आणि मग एकेक भर.

कळव्याच्या ताई, नेरूळला पोचवता का? उडदाचे २ किलो आणि कुरडया १ किलो.

हापूसवाला नव्हे
मलाही १ किलो, मिरी जास्त. ठाणे पश्चिम

निवृत्त बाई
मला अर्धा किलो पुरे, एकटीच असते. जाळी बसवल्यापासून गॅलरी रिकामीच आहे, वाळवण घालायला जागा हवी असेल तर या, कबुतर फिरकत नाही.

कळवा खारेगाव
लिहून घेतल सगळ्यांच. बाई तुमच्याकडे ऊन किती वाजता येत?