रॉय अँडरसनच्या पद्धतीची स्थिर फ्रेम नाटकाच्या रेकॉर्डिंगसारखी का दिसते?

सदर_शॉर्टफिल्म:
नमस्कार मंडळी. नागपुरात दहा मिनिटांची शॉर्टफिल्म करते आहे. विषय असा: नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला आलेले एक पेन्शनर काका, आणि समोर उभे असूनही ते जिवंत आहेत हे कागदावर सिद्ध होत नाही. शैली स्वीडिश दिग्दर्शक रॉय अँडरसनची हवी आहे: एक सीन, एक शॉट, कॅमेरा हलायचा नाही, हसू यावं आणि घशात अडकावं. हॉल २० बाय ३० फुटांचा, कॅमेरा फुल फ्रेम, लेन्स ५० एमएम एफ १.८. टेस्ट शॉट घेतले. कॅमेरा काउंटरच्या बरोबर समोर होता, रंग एडिटिंगमध्ये फिके केले. तरी सगळं स्पर्धेतल्या एकांकिकेचं रेकॉर्डिंग वाटतं. लेन्स बदलू की लिहिलेला सीनच बदलू?

महालकर:
दोन्ही बदला, पण आधी कॅमेऱ्याची जागा.

समोरून सपाट भिंत घेतली की प्रेक्षकाला रंगमंच दिसतो. अँडरसन बहुतेक वेळा खोलीच्या कोपऱ्याकडे तिरका बघतो. त्यामुळे दोन भिंती दिसतात, आणि त्यातल्या एखाद्या दारातून किंवा खिडकीतून पलीकडची दुसरी जागा. तुमच्या हॉलचा कर्ण ३६ फूट भरतो, तो वापरा. कॅमेरा एका कोपऱ्यात, काउंटर मधल्या टप्प्यात, आणि समोरच्या कोपऱ्याजवळ उघडी खिडकी.

५० एमएम इथे चालणार नाही. २४ लावा आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान करून एफ ८ वर या. फुल फ्रेमला फोकस साधारण २.४ मीटरवर लॉक केला की १.२ मीटरपासून थेट खिडकीबाहेरच्या रस्त्यापर्यंत सगळं स्पष्ट येतं. या शैलीचा कणाच हा आहे. मागचं धूसर झालं की कुणाकडे बघायचं हे दिग्दर्शक सांगतो. सगळं स्पष्ट असलं की प्रेक्षक स्वतः शोधतो, आणि शोधताना त्याला जे सापडतं त्यावर तो हसतो. अँडरसन याला ‘गुंतागुंतीची प्रतिमा’ म्हणतो.

याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. २५ फ्रेम, शटर १/५०, आयएसओ ८००, एफ ८ यासाठी सुमारे १००० लक्स (उजेडाचं माप) लागतात. लाइट मीटर काउंटरवर आणि खिडकीपाशी, दोन्हीकडे धरून बघा; मागे दिवे कमी पडले तर खोली तिथेच संपते. दिवे थेट मारू नका. छताला पांढरं मांजरपाट ताणून त्यावरून उजेड खाली येऊ द्या. सावली जवळजवळ दिसता कामा नये. माणसाला लपायला अंधार ठेवायचा नाही, हा अँडरसनचा आग्रह आहे आणि तो नैतिक आहे.

इतवारी_पॅलेट:
भाऊ लेन्सचं बरोबर सांगून राहिले. मी चित्रांबद्दल लिहितो, काऊन का ही शैली आली तिथूनच.

ताई, सुरुवात १९२० च्या दशकातल्या जर्मन ‘नवी वस्तुनिष्ठता’ या चित्रशैलीपासून करा. ऑटो डिक्स, जॉर्ज ग्रोस, गेओर्ग शोल्त्स. डिक्सच्या व्यक्तिचित्रांत चेहरा, बोटं, टेबलावरचा पेला, सगळं सारख्याच निर्दयपणे स्पष्ट असतं. पहिल्या महायुद्धातून आलेली ही नजर आहे. अँडरसनचे पांढरट चेहरे त्याच घराण्यातले. मग फ्रेंच चित्रकार डोमिए, त्याची कोर्टातली आणि रेल्वेच्या डब्यातली माणसं. आणि अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरच्या खोल्या.

थोरल्या ब्रूगेलचं ‘बर्फातले शिकारी’ (१५६५) हे चित्र नीट बघा. जवळ थकलेले शिकारी आणि कुत्रे, फांद्यांवर पक्षी, खाली दूरवर गोठलेल्या तळ्यावर खेळणारे लोक. कोणालाच दुसऱ्याची खबर नाही. २०१४ साली व्हेनिसला गोल्डन लायन मिळालेल्या अँडरसनच्या ‘अ पिजन सॅट ऑन अ ब्रँच रिफ्लेक्टिंग ऑन एक्झिस्टन्स’ला हे नाव त्या पक्ष्यांवरूनच सुचलं. त्यातला बारचा सीन काढा. आजच्या काळातला साधा बार, आणि खिडकीबाहेरून अठराव्या शतकातलं स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याचं सैन्य जात राहतं, जातच राहतं. राजा आत येऊन पाणी मागतो. पुढे पोल्टाव्हाच्या लढाईत हरून परततो तेव्हा त्याला संडासला जायचं असतं, आणि आत कोणीतरी बसलेलं असतं. इतिहासाचा पराभव आणि बंद दार एकाच फ्रेममध्ये! कट असता तर हा नुसता विनोद झाला असता.

‘अबाउट एंडलेसनेस’ (२०१९) मध्ये उद्ध्वस्त कोलोन शहरावरून तरंगणारं जोडपं चित्रकार शागालच्या चित्रातून आलंय. चित्र उचललं, पण खालचं शहर बदललं. प्रभाव घ्यावा तर असा.

साहित्यात नाटककार बेकेट आणि पेरूचा कवी सेसार वायेहो; ‘साँग्ज फ्रॉम द सेकंड फ्लोअर’ (२०००) त्यालाच अर्पण आहे. आणि लॉरेल-हार्डी विसरू नका. मजेच्या वस्तू विकत फिरणारे ‘पिजन’मधले दोन रडवेले सेल्समन बघा, लगेच कळेल.

धरमपेठ_नाट्य:
एक मतभेद. फक्त चित्रं बघून हे जमणार नाही, आणि पांढरी पावडर फासून तर मुळीच नाही. अँडरसनची १९९१ ची ‘वर्ल्ड ऑफ ग्लोरी’ ही छोटी फिल्म आधी बघा. पहिल्याच शॉटमध्ये उघड्या माणसांना ट्रकमध्ये कोंबतात, एक्झॉस्टचा पाइप आत जोडतात, आणि सभ्य कपड्यांतले लोक उभे राहून बघतात. त्यातला एक जण वळून आपल्याकडे पाहतो. अँडरसनची कॉमेडी या अपराधाच्या जमिनीवर उभी आहे. तुमच्या सीनमध्ये रांगेतल्या लोकांना काकांचं काय होतंय हे दिसलं पाहिजे, आणि त्यांनी काही करता कामा नये. क्लार्क दुष्ट नको. तो मदत करू पाहतो आणि नियम त्याच्याही हातात नाही, इथे घशात अडकतं.

आपल्याकडे सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकात मेलेला माणूस कीर्तन करतो. आळेकरांचा तो ताल कानात असेल तर संवाद लिहायला मदत होईल. फक्त वेग निम्मा करा. प्रश्न आणि उत्तर यांत तीन-चार सेकंद जाऊ द्या. नटाला ‘विनोदी’ काही करू देऊ नका.

इतवारी_पॅलेट:
पावडरचं मान्य. पातळ थर द्या, ओठांचा रंग फिका करा, बस. मे महिन्यात ४५ अंशांत तो थर अर्ध्या तासात वाहून जातो आणि वरच्या उजेडात कपाळ चमकतं. कूलर लावला तर संवादांत त्याची घरघर. शूटिंग डिसेंबर-जानेवारीत ठेवा.

आणि रंग एडिटिंगमध्ये मारू नका, त्वचाही मरते. भिंतीला राखाडी-हिरवट डिस्टेंपर द्या, लाल-पिवळी पोस्टर उतरवा, पांढरे शर्ट चहाच्या पाण्यातून काढा.

सदर_शॉर्टफिल्म:
खूप आभार. आणखी एक. काउंटरमागे रेकॉर्डरूमचा लांबलचक बोळ हवाय, पण मागे जागा १० फूटच आहे.

महालकर:
खोटा बोळ बांधा. अँडरसनच्या स्टॉकहोममधल्या स्टुडिओ २४ मध्ये अख्खे रस्ते असे उभे राहिलेत.

हिशेब असा. कॅमेऱ्यापासून बोळाचं तोंड १० फूट, आणि १० फूट खोलीत ३० फुटांचा भास हवा. म्हणजे शेवट ४० फुटांवर भासायला हवा, असेल मात्र २० फुटांवर. २० भागिले ४०, म्हणजे शेवटाला सगळं निम्मं. तोंडाशी दार ७ फुटी तर शेवटी साडेतीन फुटी. फायलींचे गठ्ठे, फरशीचे चौकोन, ट्यूबलाइट त्याच प्रमाणात लहान होत जायला हवेत. छत आणि फरशीच्या रेषा लेन्सच्याच उंचीवर एका बिंदूत मिळाल्या पाहिजेत. आधी भिंतीवर खिळा मारून सुतळ्या ताणा, मग प्लाय कापा. शेवटचा पडदा झाडीपट्टी नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एखाद्या पेंटरकडून करून घ्या. गडचिरोलीतल्या वडसा भागात असे हात आहेत.

बोळात मोठं माणूस पाठवू नका, दोन पावलांत राक्षस दिसेल. आणि स्टँडच्या पायांना जमिनीवर टेप लावून खुणा करा. कॅमेरा अर्धा फूट सरकला तरी फरशीच्या रेषा मोडतात.