प्रतिसाद : व्हेंटिलेटर लागला की अँटिबायोटिक सुरूच करायचं?

वर प्रश्न आलाय की व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घातली की, न्यूमोनिया होऊ नये म्हणून, सगळ्यांनाच अँटिबायोटिक सुरू करून ठेवावं का. सरसकट नको. पुरावा आहे तो ठराविक रुग्णांपुरता.

डोक्याला मार किंवा स्ट्रोक, जीसीएस (शुद्धीचा स्कोअर, ३ ते १५) १२ किंवा कमी, व्हेंटिलेटर ४८ तासांच्या वर लागणार असं दिसतंय: अशांना सेफ्ट्रिॲक्सोन २ ग्रॅम, एकच डोस, नळी घातल्यापासून १२ तासांच्या आत. २०२४ च्या फ्रेंच चाचणीत सुरुवातीच्या दिवसांतला न्यूमोनिया ३२ टक्क्यांवरून १४ वर आला.

आपल्याकडे घोळ होतो तो घड्याळाचा. चंदगड-गडहिंग्लजला नळी घालून पेशंट कोल्हापुरात येतो, तेव्हा १२ तास तिथूनच मोजायचे. रेफर चिठ्ठीवर नळीची वेळ नसेल तर फोन करून विचारा. आणि त्याच लाइनमधून रिंगर लॅक्टेट चालू असेल तर आधी बंद करून सलाइनने लाइन धुवा. त्यातल्या कॅल्शियमशी सेफ्ट्रिॲक्सोनचा साका बसतो.

दुसरा पर्याय वाफेतून ॲमिकॅसिन: तीन दिवस व्हेंटिलेटरवर काढलेल्यांना, रोज एकदा २० मिग्रॅ प्रति किलो, तीन दिवस. वजन उंचीवरून काढलेलं, काट्यावरचं नव्हे. ६० किलोला १२०० मिग्रॅ, म्हणजे ५०० मिग्रॅ/२ मिलीच्या वायलमधून ४.८ मिली. नेब्युलायझर (औषधाची वाफ करणारं यंत्र) मेश म्हणजे थरथरत्या जाळीचा हवा. उच्छ्वासाच्या बाजूचा फिल्टर विसरलात तर व्हेंटिलेटरचा सेन्सर चिकटतो, मग दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसा.

डोस 'अजून दोन दिवस' असा लांबवू नका. आपल्या आयसीयूतल्या क्लेब्सिएला-ॲसिनेटोबॅक्टर जंतूंना औषधाला दाद न देणारं व्हायला तेवढंच पुरतं. नळीच्या कफचं (फुग्याचं) प्रेशर २० ते ३० सेंमी पाणी आणि डोकं ३० अंश वर, हे मात्र सगळ्यांनाच.