हल्लीचा सोल जिवंत आहे, पॉवर पॉप नुसता चकचकीत – पटतंय का?

मंद्रसप्तक
सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावपूर्ण गायकीचं संगीत) आणि पॉवर पॉप (गोड चालींचा, गिटारप्रधान रॉक), गेल्या काही वर्षांतले दोन्हीकडचे अल्बम सलग ऐकले तर माझा कौल सरळ सोलला. सॅन दिएगोच्या दी सेक्रेड सोल्सचा २०२२चा पहिला अल्बम घ्या, किंवा जेलन न्गोंडाचा २०२३चा 'कम अराउंड अँड लव्ह मी'. दोन्ही डॅप्टोन या रेकॉर्ड कंपनीच्या घराण्यातले. त्यांत वादक एकमेकांना ऐकत वाजवतात आणि ते कानाला कळतं. पॉवर पॉपमध्ये गिटारवर गिटार, आवाजावर आवाज चढवत जातात. गाणं गोड होतं, पण ठेक्यात कुणी श्वास घेत नाही.

जादू असते ती स्नेअरच्या (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमच्या) जागेत. ८० बीपीएमला (मिनिटाला ८० मात्रा) एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअर १५-२० मिलिसेकंद मागे पडला की गाणं डुलायला लागतं. मात्र हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) किंवा टॅम्बुरिन (खंजिरी) जागच्या जागी हवं. सगळेच मागे सरकले तर गाणं फक्त संथ होतं, डुलत नाही. नव्या नकलांचं इथेच फसतं.

बाराताऱ्या
साफ असहमत. स्नेअर मागे ओढला म्हणजे गाणं झालं असं नाही. नव्या सोलमधली निम्मी गाणी एकच चार कॉर्डचं चक्र, त्यावर फॉल्सेटो (पातळ, चढा कृत्रिम आवाज) आणि तीन मिनिटांनी फेड-आउट. अंतरा कुठे, वळण कुठे?

लेमन ट्विग्सचा २०२४चा 'अ ड्रीम इज ऑल वी नो' ऐका. किंवा ऑकलंडच्या द बेथ्सचा २०२२चा 'एक्स्पर्ट इन अ डाइंग फील्ड'. एलिझाबेथ स्टोक्सच्या चालीमागे बँडमधले बाकीचे तिघेही गातात आणि त्या आवाजांना स्वतःच्या चाली आहेत, नुसतं 'ऊ-आ' नाही. पॉवर पॉपला पहिल्या पाऊण मिनिटात मुखडा द्यावा लागतो आणि मधला भाग मुखड्याला नवा अर्थ देईल असा लिहावा लागतो. त्या शिस्तीला चकचकीत म्हणणं अन्याय आहे.

आणि थर चढवणं हेही कसबच आहे. गाणं डी मध्ये असेल तर एक गिटार उघड्या डी वर, दुसरी पाचव्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ए च्या आकारात. सूर तेच, पण तारांची मांडणी वेगळी, म्हणून भिंत उभी राहते आणि चिखल होत नाही. डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज) मात्र कमीच ठेवावं लागतं. जास्त झालं की कॉर्डमधला गंधार किरकिरतो आणि मेजर-मायनर कळेनासं होतं. नवखे बँड याच ठिकाणी गाणं मारतात.

जुनं रीळ
दोघेही भिंत बांधताय, पण पाया एकाच गावात आहे. अमेरिकेतल्या मेम्फिसमधल्या आर्डेंट स्टुडिओत स्टॅक्स या सोल रेकॉर्ड कंपनीचं काम चालायचं. त्याच आर्डेंटमध्ये तिथल्या संस्थापक जॉन फ्रायच्या हाताखाली बिग स्टार या बँडचा पहिला अल्बम झाला, १९७२ साली, आणि त्याचं वितरण स्टॅक्सकडेच होतं. परीक्षणं उत्तम आली, पण दुकानांत रेकॉर्डच पोचली नाही. पॉवर पॉपचा आद्य बँड सोलच्या कंपनीमुळे घडलाही आणि अडलाही.

मंद्रसप्तक ज्या मागे ओढलेल्या स्नेअरबद्दल बोलताहेत, तोही मेम्फिसचाच. १९६५ मध्ये स्टॅक्समध्ये निर्माता जेरी वेक्सलरने 'जर्क' हा नाच करून दाखवला आणि ड्रमर अल जॅक्सन व गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी दुसरी-चौथी मात्रा तशी मागे घेतली.

मंद्रसप्तक
बाराताऱ्या, 'सगळं एकाच चक्रात' हे खरं नाही. ड्युरँड जोन्स अँड द इंडिकेशन्सचा २०२१चा 'प्रायव्हेट स्पेस' सरळ डिस्कोकडे जातो. न्गोंडाच्या अल्बममध्ये तंतुवाद्यांची मांडणी गायकाला उत्तर देते, नुसती गादी घालत नाही. बेथ्सबद्दलचं मान्य. पण लेमन ट्विग्स ऐकताना प्रत्येक वळणावर १९६६ ते १९७२ मधलं कुणीतरी आठवतं, आणि आठवणीपलीकडे फारसं हाती लागत नाही.

बाराताऱ्या
मग सेक्रेड सोल्स ऐकताना कोण आठवत नाही? एकाला परंपरा म्हणायचं आणि दुसऱ्याला नक्कल, हा दुजाभाव झाला. ऐकताना डावं-उजवं चॅनल वेगवेगळं ऐकून बघा, प्रत्येक गिटार काय नवं सांगते ते कळेल.

खर्ज
घरी रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी थोडं, कारण वाद बराचसा तिथेच उलगडतो.

सोलसाठी: बेसला फ्लॅटवाउंड (सपाट वेढ्यांच्या, गुळगुळीत) तारा आणि ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी. त्याने सूर लवकर विझतो आणि किक ड्रमला जागा मिळते. ड्रमला तीन माइक पुरतात. वरचे दोन माइक स्नेअरपासून सारख्याच अंतरावर हवेत, सुतळीने मोजा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे वीतभर फरकानेही स्नेअर पोकळ वाजतो. ड्रमरने झांजा हलक्या हाताने वाजवल्या नाहीत तर त्या सगळ्यांच्या माइकमध्ये शिरतात आणि मिक्सिंगमध्ये काढता येत नाहीत. लोक टेप मशीन शोधत बसतात, पण खोट असते झांजांत.

पॉवर पॉपसाठी: दुहेरी आवाज (तीच ओळ त्याच गायकाकडून दोनदा) घेताना दुसऱ्या टेकमध्ये शब्दाअखेरचे स, ट, क जवळपास गिळा. दोन्हीकडे स्पष्ट म्हटले तर ते एकत्र पडत नाहीत आणि टपटप ऐकू येते. बारा तारांच्या गिटारला कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार सारखे करणारं यंत्र) ॲम्पच्या आधी लावा, आणि कॅपो चढवल्यावर पुन्हा सूर लावा. जोडीतली जाड तार आणि बारीक तार सारख्या दाबाने ताणल्या जात नाहीत, म्हणून जोडी आपसात बेसूर होते.

माझं मत विचाराल तर सध्या बेथ्स पुढे. गाणं गिटार-गळ्यावर वाजवलं तरी उभं राहतं.

मंद्रसप्तक
खर्ज, झांजांचं अगदी बरोबर. पण गिटार-गळ्यावर उभं राहणं ही पॉवर पॉपची कसोटी आहे, सोलची नव्हे. सोलमधलं गाणं बेस आणि ड्रम काढले की अर्धं राहतं, कारण ते त्या दोघांत लिहिलेलं असतं. ती उणीव कशी?