घरून मिशन शाळांसाठी शिक्षकभरती: सुरुवात कशी करावी?

शरणपूररोडकर: पूर्व आफ्रिकेतल्या एका मिशन शाळेसाठी नाशिकहून घरबसल्या ख्रिस्ती शिक्षक शोधायचेत. परवाना लागतो का? उमेदवारांकडून फी घेता येते?

जुना_कारकून: परदेशी मालकासाठी भरती करायची तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी लागते. काम घरून केलं म्हणून सूट नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. त्यांपैकी एकाशी बोला. नोंदणीशिवाय फी तर अजिबात नको.

मेरीताई: शाळेकडून आधी लेखी घ्या: पगार की फक्त मानधन, घर, विमा, परतीचं तिकीट, व्हिसा कोण काढणार. मिशन सेवेत बऱ्याचदा खर्च चर्चची मंडळी आणि देणगीदार उचलतात. हे पहिल्याच फोनवर सांगा, नाहीतर माणूस ऐनवेळी मागे फिरतो. उमेदवाराच्या चर्चमधल्या पाळकांचं (धर्मगुरूंचं) शिफारसपत्र नुसतं वाचू नका, त्यांना फोन करा. पोलीस पडताळणी दाखला पासपोर्ट सेवेतून निघतो. मुलांमध्ये काम आहे, तिथे भिडेखातर सूट नको.

जुना_कारकून: घोळ होतो कागदांत. अनेकांकडे गुणपत्रिका असतात, पदवी प्रमाणपत्र नसतं. त्यासाठी पुणे विद्यापीठाकडे वेगळा अर्ज. मग राज्याचं साक्षांकन, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय. पासपोर्टवरचं आणि बी.एड.वरचं नाव जुळतंय का तेही बघा, लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचं खास. पर्यटक व्हिसावर कुणालाही पाठवू नका.

मेरीताई: मुलाखत दुपारनंतर ठेवा, शाळा केनियात असेल तर तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. आणि आपल्या नाशिकच्या शरणपूर मिशन वसाहतीतून आफ्रिकेत मिशनसाठी माणसं १९व्या शतकातही गेली होती बरं!