शिबिराच्या फ्लेक्सवर ‘जानुसंधी’ कशाला? सरळ ‘गुडघा’ लिहा की!

तासगावकर
आमच्या चौकात फ्लेक्स लागलाय, ‘मोफत जानुसंधी तपासणी शिबिर’. उसात आणि हळदीत भांगलून भांगलून ज्यांच्या गुडघ्यांची वाट लागली त्या बायका त्याच फ्लेक्सखाली वडापची वाट बघत उभ्या असतात. त्यातल्या एका मावशींनी मला विचारलं, “ही जानू कोण, नवी डॉक्टरीण आलीया का?”
माझं म्हणणं सरळ आहे. गुडघा हा आपल्या मातीतला शब्द. गुळाच्या ढेपेसारखा गोल, म्हणून गुडघा. तोच लिहा. आणि कुणी ‘ढोपर’ सुचवू नका, आमच्याकडं ढोपर म्हणजे कोपर.

कृष्णाकाठचा मास्तर
जानु परका कधीपासून झाला? रामाला आजानुबाहू म्हणता, हात गुडघ्यापर्यंत पोचणारा म्हणून. शाळेत पोरं जानुशीर्षासन करतात. फारसीत झानू, लॅटिनमध्ये गेनू, ग्रीकमध्ये गोनू, इंग्रजीत नी. आज त्या ‘नी’मधला ‘क’ मुका आहे, जुन्या इंग्रजीत तो उच्चारत. सगळी एकाच घराण्यातली भावंडं. सुश्रुताच्या 107 मर्मांत जानु आहे. जंघा आणि ऊरू, म्हणजे मांडी, जिथं मिळतात तो सांधा, तिथं इजा झाली की माणूस लंगडा होतो. वैद्यकाला असा नेमका शब्द लागतो. गुडघा म्हणजे मोघम काम.

तासगावकर
सुश्रुत आमच्या वडापमधनं येत नाहीत, मास्तर.

मिरजेची वाचक
दोघांनाही थोडं चिमटते.
तासगावकर, गुळाचं गणित बसत नाही. संस्कृतातल्या दोन स्वरांमधल्या एकट्या ‘ड’चा मराठीत ‘ळ’ होतो. गुड-गूळ, षोडश-सोळा, तडाग-तळे. गुडघा गुळातून आला असता तर आज आपण ‘गुळघा’ म्हटलं असतं. हा ‘ड’ टिकलाय म्हणजे मुळात तो जोड, ‘ड्ड’सारखा, असावा. पंजाबीत गुडघ्याला गोडा म्हणतात, भोजपुरीत गोड म्हणजे पाय. कुपवाड एमआयडीसीतली बिहारी पोरं घरी फोनवर ‘गोड लागतानी’ म्हणतात ना, ते पाया पडणं. माझा कल त्या गोड्याकडं आहे, ढेपेकडं नाही.
आणि मास्तर, तुमची नेमकी जंघा पोटरीची, घोट्यापासून गुडघ्यापर्यंतची. आज मराठीत जांघ कुठं असते ते फ्लेक्सवर नको लिहायला! अमरकोशात घुटिका म्हणजे घोटा. आपला घोटा जागेवर राहिला, हिंदीतला घुटना मात्र गुडघ्यावर जाऊन बसला. पायाचे शब्द पायावर असे खालीवर होतातच. संस्कृत लिहिलं की अर्थ आपोआप नेमका होतो हे मला पटत नाही.

पाटणवाला
ढोपराला का बाहेर काढताय? कोयनेकडं, आमच्या अर्ध्या घरांत ढोपर म्हणजे गुडघाच. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि लेकी-सुना वरखाली सारख्याच. पोरगं सायकलवरनं पडलं की ‘कोपरं-ढोपरं फुटली’ म्हणतोच की. ढोपर म्हणजे कोपर असतं तर दोनदा कशाला म्हटलं असतं?

तासगावकर
‘बाजारहाट’ म्हणतोस का नाही? बाजार म्हणजेच हाट. जोडशब्दावरनं काही शाबीत होत नाही.

पाटणवाला
बाजारहाटाला कातडं सोलत नाही. फुटलेली जागा दाखवून बोलतात लोक, कुठली दोन ठिकाणं ते जाऊन बघ.

जतकर
आमच्याकडं तर आणखी मजा. कन्नडमध्ये कोपराला मोणकै आणि गुडघ्याला मोणकालु. कै म्हणजे हात, कालु म्हणजे पाय, पुढचं ‘मोण’ दोन्हीकडं तेच. त्यामुळं ढोपर कुठं कोपर, कुठं गुडघा, याचं मला काही नवल नाही.
खरा घोटाळा दुसराच. गुडघ्याला कन्नडमध्ये ‘मंडी’पण म्हणतात. आमची आजी एका दवाखान्यात ‘मंडी नोवु, मंडी नोवु’ करत बसली. नोवु म्हणजे दुखणं. कंपाउंडरनं केसपेपरवर ‘मांडी दुखते’ लिहिलं आणि आत मांडीच तपासली.

कृष्णाकाठचा मास्तर
जतकर, तुमच्या जोडीला सुश्रुताचाही आधार आहे. पायातलं जानु तेच हातातलं कूर्पर, असं तो सरळ सांगतो. आपलं कोपर त्या कूर्परातूनच आलं. बोलण्यात ढोपर म्हणा, गुडघा म्हणा, मला अडचण नाही. कागदावर मात्र जानुसंधीच हवा. गुडघ्याला बाशिंग बांधून सगळं सोपं करायला निघालात, उद्या शरीरशास्त्राचं पुस्तक कुठल्या भाषेत लिहिणार?

मिरजेची वाचक
पुस्तक वेगळं, फ्लेक्स वेगळा. फ्लेक्स वाचून माणसानं यायचं असतं.

आशाताई, पलूस
तुमचं चालू द्या. मी घरोघरी फिरते, मला जानुही ऐकू येत नाही आणि गुडघाही कमीच. बायका म्हणतात ‘वाटी झिजली’, ‘वाट्या बदलायला सांगितल्यात’. मिरजेहून ऑपरेशन करून आलेलीसुद्धा ‘दोन्ही वाट्या नवीन घातल्या’ म्हणते. खरं तर मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक तासून त्यावर धातू बसवतात, मध्ये प्लास्टिक. समोरची वाटी बऱ्याचदा आपली आपल्यालाच राहते. हे समजावून सांगितलं की बाई विचारते, “मग पैसे कशाचे घेतले?”
शिबिराचा निरोप मी ‘गुडघ्याच्या वाटीचं बघणार हायेत’ असाच देते. फ्लेक्स कुणी वाचतच नाही.

तासगावकर
ताई, मग पुढच्या फ्लेक्सचा मजकूर तुम्हीच द्या. मास्तर शुद्धलेखन तपासतील.

कृष्णाकाठचा मास्तर
तपासेन. ‘वाटीचं बघणार’ मात्र छापू देणार नाही.

जतकर
आणि खाली कन्नडमध्ये एक ओळ टाका. ‘मंडी’ नको, ‘मोणकालु’ लिहा.